शोषणक्षमता : एका शब्दाचा शासकीय इतिहास

१

शासकीय अधिसूचना, रोगविषयक साप्ताहिक टिपणे, वेष्टनांवर छापलेल्या सूचना हे सारे लेखन साहित्याच्या अभ्यासकाने वाचावे काय, असे विचारले तर उत्तर सहसा नकारार्थी येईल. हे साहित्य नव्हे, हे उघडच आहे. परंतु एखाद्या समाजात कोणत्या अनुभवाला नाव आहे आणि कोणत्या अनुभवाला नाही, हा प्रश्न जर साहित्याभ्यासाचा असेल, तर ह्या रूक्ष कागदपत्रांकडे पाठ फिरवून चालणार नाही. स्त्रियांच्या आत्मकथनांतील मौनाविषयी भारतीय भाषांत जी चर्चा होत आली आहे, ती पाहता हा प्रश्न आपलाच आहे असे म्हणावे लागते. मौनाचा परिणाम केवळ कवितेवर आणि कथेवर होत नाही. जे बोलले जात नाही ते मोजलेही जात नाही, आणि जे मोजले जात नाही त्याविषयी शासनाला काही करावेसे वाटत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय मर्यादित आहे. मासिक पाळीच्या काळात स्त्रिया जी साधने वापरतात ती सुरक्षित आहेत की नाहीत, ह्याविषयी अमेरिकेत शासकीय पातळीवर जे संशोधन झाले, त्यातील भाषेचा व्यवहार येथे तपासावयाचा आहे. अमेरिकेचे उदाहरण निवडण्याचे कारण असे की, तेथे १९८० साली ह्या प्रश्नाने अकस्मात मृत्यूचे रूप धारण केले आणि त्यामुळे एरवी जे कुजबुजत बोलले गेले असते ते छापील कागदावर आले. ह्या घटनाक्रमात वारंवार असे दिसते की, आधी एखादी व्याख्या किंवा एखादे माप निश्चित व्हावे लागले आणि मगच संशोधन पुढे सरकले. जेथे असे माप ठरले नाही, तेथे प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित राहिला.

२

१९७८ साली डेन्व्हर येथील बालरोगतज्ज्ञ जेम्स टॉड व त्यांचे सहकारी ह्यांनी 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात सात मुलांच्या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. मुले आठ ते सतरा वर्षांची होती. एकाएकी चढलेला तीव्र ताप, उन्हाने भाजल्यासारखी अंगभर लाली, रक्तदाब कोसळणे आणि काही दिवसांनी तळहात व तळपायांची साल निघणे, अशी लक्षणे त्यांत होती. ह्या लक्षणसमुच्चयास टॉड ह्यांनी 'टॉक्सिक शॉक सिंड्रोम' असे नाव दिले. स्टॅफिलोकॉकस ऑरियस ह्या जंतूच्या विषामुळे शरीराला बसणारा आघात, असा त्याचा आशय. ह्या नावात स्त्री नव्हती, पाळी नव्हती, कोणते साधनही नव्हते. रुग्णांत मुलगेही होते.

१९८० च्या प्रारंभी विस्कॉन्सिन व मिनेसोटा ह्या राज्यांच्या आरोग्य खात्यांनी अटलांटा येथील रोगनियंत्रण केंद्राला अशाच आजाराची माहिती कळविली. ह्या वेळी रुग्ण बहुतांशी तरुण स्त्रिया होत्या आणि आजार पाळी चालू असताना उद्भवला होता. केंद्राच्या साप्ताहिक पत्रिकेत २३ मे १९८० रोजी ५५ रुग्णांविषयीचे टिपण प्रसिद्ध झाले. त्यात पाळीशी असलेला संबंध नोंदविलेला होता. परंतु कोणत्याही साधनावर ठपका नव्हता. तो संबंध प्रथम जूनमधील टिपणात आला. रुग्ण स्त्रियांची त्यांच्याच वयाच्या निरोगी स्त्रियांशी तुलना करता टॅम्पॉनचा, म्हणजे योनिमार्गात ठेवावयाच्या कापसाच्या वा कृत्रिम तंतूंच्या गुंडाळीचा वापर, आजाराशी निगडित असल्याचे दिसले. १९ सप्टेंबरच्या टिपणात आणखी एक पाऊल पुढे पडले. पन्नास रुग्ण आणि दीडशे निरोगी स्त्रिया ह्यांच्या तुलनेत 'रिलाय' नावाचा टॅम्पॉन वापरणाऱ्यांचे प्रमाण रुग्णांत ७१ टक्के, तर निरोगी स्त्रियांत २६ टक्के आढळले. तीनच दिवसांनी, २२ सप्टेंबर रोजी, प्रॉक्टर अँड गॅम्बल ह्या उत्पादक कंपनीने रिलाय बाजारातून मागे घेतला.

हा चार महिन्यांचा घटनाक्रम वाचताना दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, ही सर्व माहिती प्रयोगशाळेत सापडलेली नव्हती. केंद्रातील कॅथरीन शँड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती दूरध्वनीवरून स्त्रियांना विचारून मिळविली होती. तुम्ही काय वापरले, कोणत्या नावाचे वापरले, किती वेळ वापरले, असे प्रश्न शासनाच्या वतीने प्रथमच इतक्या स्पष्टपणे विचारले गेले आणि स्त्रियांनी त्यांची उत्तरे दिली. दुसरी गोष्ट व्याख्येसंबंधीची आहे. रुग्ण कोणाला म्हणावे ह्याची जी कसोटी केंद्राने ठरविली तीत ताप, लाली, रक्तदाबातील घट आणि अनेक इंद्रियांवरील परिणाम ही सर्व लक्षणे आवश्यक होती. अशा काटेकोर व्याख्येमुळे संशोधन शक्य झाले. परंतु ज्या स्त्रीचा आजार सौम्य होता तिची गणना कोठेच झाली नाही. व्याख्या ही प्रकाशाप्रमाणे सावलीही पाडते, हे समीक्षेच्या अभ्यासकाला निराळे सांगावयास नको.

१९८० ह्या एका वर्षात टॉक्सिक शॉकचे ८९० रुग्ण नोंदविले गेले. त्यांपैकी ८१२ जणींचा आजार पाळीशी संबंधित होता आणि अशा ३८ स्त्रिया मरण पावल्या. ह्या आजारास कारणीभूत होणारे विशिष्ट जंतुविष १९८१ साली ओळखले गेले. बहुतेक प्रौढांच्या रक्तात त्याचा प्रतिकार करणारी द्रव्ये असतात. ती ज्यांच्या ठायी नसतात अशा तरुण मुलींना धोका अधिक असतो. टॅम्पॉनबरोबर आत जाणारी हवा, त्यातील प्राणवायू, आणि दीर्घकाळ तेथेच राहणारा स्राव ह्यांमुळे जंतूला विष निर्माण करण्यास अनुकूल स्थिती लाभते, असे त्याचे सामान्यतः मान्य झालेले स्पष्टीकरण आहे.

३

रिलाय हे नावच विचार करण्याजोगे आहे. 'विसंबून राहा' असा त्याचा अर्थ. हे साधन चिंतासुद्धा शोषून घेते, असा त्याच्या जाहिरातीचा आशय होता, आणि त्याचे नमुने टपालाने घरोघर पाठविण्यात आले होते. पॉलिएस्टरच्या फेसाचे लहान तुकडे आणि कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज ह्यांनी भरलेली ती पिशवी कापसाच्या तुलनेत पुष्कळच अधिक द्रव धरून ठेवीत असे. एकच साधन अधिक काळ वापरता यावे, ही त्यामागील कल्पना. वापरणारीच्या दृष्टीने ती सोय होती. धोका ह्या सोयीतच दडलेला होता.

येथे कायद्याची एक बाजू सांगितली पाहिजे. वैद्यकीय उपकरणांसंबंधीचा सुधारित कायदा अमेरिकेत १९७६ साली झाला आणि टॅम्पॉन हे प्रसाधन न राहता वैद्यकीय उपकरण ठरले. मात्र जे प्रकार आधीपासून बाजारात होते त्यांना नव्याने परीक्षा द्यावी लागली नाही. वर्गनाम बदलले, पण वस्तू तपासली गेली नाही. रिलायची चाचणीविक्री ह्या कायद्यापूर्वीच सुरू झालेली होती.

रिलाय मागे घेतल्यावर प्रश्न सुटला, असे अनेकांना वाटले. तो सुटला नव्हता. मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि आयोवा ह्या तीन राज्यांनी मिळून केलेल्या आणि १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून असे दिसले की, धोका एका व्यापारी नावापुरता नसून तो शोषणक्षमतेबरोबर वाढत जातो. म्हणजे दोष एका विशेषनामाकडून एका गुणवाचक संज्ञेकडे सरकला. येथेच खरी अडचण उत्पन्न झाली. विशेषनाम बाजारातून काढून टाकता येते. गुणाचे काय करावयाचे? तो कमी करावयाचा तर आधी मोजावयास हवा, आणि त्याचे मापच अस्तित्वात नव्हते.

वेष्टनांवर 'रेग्युलर', 'सुपर', 'सुपर प्लस' असे शब्द असत, हे खरे. परंतु ते शब्द प्रत्येक उत्पादकाचे स्वतःचे होते. एकाचा 'रेग्युलर' दुसऱ्याच्या 'सुपर'पेक्षा अधिक द्रव शोषीत असे. १९८२ पासून अन्न व औषध प्रशासनाने वेष्टनावर टॉक्सिक शॉकविषयी इशारा छापणे आवश्यक केले. गरजेपुरतीच कमी शोषणक्षमतेची वस्तू वापरावी, हा सल्ला स्त्रियांना मिळू लागला. परंतु कमी कोणती आणि जास्त कोणती हे कळण्याचा मार्ग त्यांच्यापाशी नव्हता. अर्थहीन नसलेली, पण अर्थ सामाईक नसलेली अशी ही शब्दावली होती. एकाच दुकानातील एकाच फळीवर ह्या अनेक बोली शेजारी शेजारी मांडलेल्या होत्या.

सामाईक माप ठरविण्याचे काम प्रथम एका ऐच्छिक मानकसंस्थेच्या समितीकडे गेले. तीत उत्पादकांचे प्रतिनिधी होते, तसेच ग्राहकांच्या बाजूने 'अवर बॉडीज, अवरसेल्व्ज' हा ग्रंथ सिद्ध करणाऱ्या बॉस्टनच्या स्त्रियांच्या गटातील एस्थर रोम ह्याही होत्या. समितीत एकमत झाले नाही. प्रकरण न्यायालयातही गेले. अखेर १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये प्रशासनाने नियम जाहीर केला आणि मार्च १९९० पासून तो अमलात आला. सहा ग्रॅमपर्यंत द्रव शोषणारा तो 'ज्युनिअर', सहा ते नऊ ग्रॅमचा 'रेग्युलर', नऊ ते बाराचा 'सुपर', बारा ते पंधराचा 'सुपर प्लस'. पुढे २००० साली पंधरा ते अठरा ग्रॅमसाठी 'अल्ट्रा' हा शब्द आला, आणि नंतर 'ज्युनिअर'च्या जागी 'लाइट' आला. कारण 'ज्युनिअर' ह्या शब्दाने ते वयाने लहान मुलींसाठीच आहे असा समज होत असे.

पहिला मृत्यू नोंदविला गेल्यापासून चार शब्दांचे अर्थ ठरण्यास जवळजवळ दहा वर्षे लागली, असा ह्याचा हिशेब आहे. जे स्तुतिवाचक विशेषण होते ते मापवाचक झाले, एवढाच ह्या नियमाचा भाषिक आशय. परंतु त्यामुळे प्रथमच दोन वस्तूंची तुलना करण्याचे सामर्थ्य वापरणारीच्या हाती आले. दरम्यान रिलाय गेला होता, इतर उत्पादकांनी काही कृत्रिम द्रव्ये वापरणे सोडले होते, आणि अतिशोषक प्रकारांचा वापर पुष्कळ घटला होता. १९८९ साली टॉक्सिक शॉकचे ६१ रुग्ण नोंदविले गेले. त्यांपैकी ४५ पाळीशी संबंधित होते. ही घट कोणत्या एका कारणाने झाली असे म्हणता येणार नाही. नियम अमलात येण्यापूर्वीच ती झालेली होती, हेही विसरता कामा नये. नियमाने दिली ती घट नव्हे, तर ती टिकविण्याचे साधन.

४

माप ठरले, पण ते कशाचे माप होते? प्रशासनाच्या नियमात चाचणीची कृती तपशीलवार दिलेली आहे. काचेच्या नळीत एक निरोध बसवावयाचा, त्यात टॅम्पॉन ठेवावयाचा, बाहेरून पाण्याचा दाब द्यावयाचा आणि आत एक द्रव हळूहळू सोडावयाचा. खालून पहिला थेंब बाहेर पडताच चाचणी थांबवून वजनातील फरक मोजावयाचा. हा द्रव म्हणजे मीठ आणि एक तांबडा रंग घातलेले ऊर्ध्वपातित पाणी. रक्ताचा रंग त्यात आहे, रक्त नाही. प्रयोग सर्वत्र सारखा व्हावा म्हणून अशी योजना आवश्यक असते, हे मान्य. तथापि पाळीचा स्राव हा पाण्यासारखा नसतो. त्यात रक्त असते, पेशी असतात, श्लेष्म असतो. २०२३ साली ऑरेगन येथील वैद्यकीय संशोधकांनी एकवीस साधनांची तुलना मानवी रक्तपेशी वापरून केली. इतक्या नित्याच्या वापरातील वस्तूंना रक्ताचा स्पर्श प्रयोगशाळेत इतक्या उशिरा व्हावा, ह्याचे आश्चर्य पुष्कळांना वाटले. अतिस्राव होतो की नाही हे डॉक्टर अनेकदा 'दिवसातून किती पॅड लागतात' ह्या प्रश्नावरून ठरवितात. त्यामुळे ह्या तुलनेचे महत्त्व केवळ तात्त्विक नाही.

शोषणक्षमतेला माप मिळाले, तसे इतर प्रश्नांना मिळाले नाही. लगदा व कृत्रिम तंतू क्लोरीनने शुभ्र करताना डायॉक्सिन हे विषारी द्रव्य अल्पांशाने उत्पन्न होते. ते ह्या साधनांत राहते काय, आणि राहिल्यास वर्षानुवर्षांच्या वापराने काय होते, हा प्रश्न १९९० च्या दशकात अमेरिकन काँग्रेसपुढे आला. न्यूयॉर्कच्या प्रतिनिधी कॅरोलिन मॅलोनी ह्यांनी १९९७ साली ह्या विषयावरील शासकीय संशोधनासाठी विधेयक मांडले. १९९८ साली टॉक्सिक शॉकने मरण पावलेल्या रॉबिन डॅनिएलसन हिचे नाव पुढे त्यास देण्यात आले. ते पुन्हा पुन्हा मांडले गेले. कायदा झाला नाही. प्रशासनाची भूमिका अशी राहिली की, विरंजनाची पद्धत बदलल्यामुळे उरणारे प्रमाण नगण्य आहे. भूमिका चुकीची होती असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु नगण्य आहे हे सांगण्यासाठीही कोणीतरी स्वतंत्रपणे गणना करावी लागते, एवढेच त्या विधेयकाचे म्हणणे होते.

हाच प्रश्न २०२४ साली निराळ्या रूपाने परत आला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी चौदा व्यापारी नावांचे तीस टॅम्पॉन सोळा धातूंसाठी तपासले. शिसे सर्वांत आढळले. हे धातू तंतूंतून सुटून शरीरात जातात काय, हे त्या अभ्यासाने तपासले नव्हते आणि तसे त्याच्या लेखकांनी स्पष्ट म्हटलेही होते. तरी वृत्तपत्रांच्या मथळ्यांत 'आढळले' आणि 'शरीरात गेले' ह्या दोन क्रियापदांतील अंतर टिकले नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने उपलब्ध संशोधनाचा स्वतंत्र आढावा आणि धातू प्रत्यक्ष सुटतात काय हे पाहणारी स्वतःची प्रयोगशालेय तपासणी, अशी दोन कामे जाहीर केली. १९९७ सालच्या विधेयकाची मागणी जेथे अडली होती, तेथे एका विद्यापीठातील अभ्यासाने वाट मोकळी केली, असे म्हणता येईल.

५

भारतीय भाषांच्या अभ्यासकाला ह्या परदेशी कथेचे काय प्रयोजन? टॅम्पॉनचा वापर आपल्याकडे थोडा. परंतु साधनांची सुरक्षितता कोणत्या शब्दांत विचारावी, हा प्रश्न आपल्यापुढेही उभा आहे.

भारतीय मानक ५४०५ हे सॅनिटरी नॅपकिनसंबंधीचे मानक. त्याची १९८० सालची आवृत्ती अमेरिकेतील प्रकरणाच्याच वर्षीची असावी, हा योगायोग. त्यात शोषणक्षमतेची जी चाचणी सांगितली होती तीत रंगीत पाण्याला पर्याय म्हणून न गोठणारे केलेले मेंढीचे वा बकरीचे रक्त वापरण्याची मुभा होती. जेथे अमेरिकेचा नियम तांबड्या पाण्यावर थांबतो तेथे भारतीय मानकाने रक्ताचा नामोल्लेख केला, ही लक्षणीय गोष्ट आहे. हे मानक २०१९ साली नव्याने सिद्ध करण्यात आले.

मानकाची भाषा अशी स्पष्ट. योजनांची भाषा मात्र निराळी. केंद्र शासनाने ग्रामीण किशोरींसाठी काढलेल्या नॅपकिनचे नाव 'फ्रीडेज', जनऔषधी केंद्रांतील नॅपकिनचे नाव 'सुविधा', आणि २०१८ साली महाराष्ट्र शासनाने जिल्हा परिषद शाळांतील मुलींसाठी सुरू केलेल्या योजनेचे नाव 'अस्मिता'. ही नावे सद्भावनेने ठेवलेली आहेत. परंतु ह्यांपैकी कोणत्याही नावावरून वस्तू कोणती हे कळत नाही. मराठीतील जुन्या प्रयोगांचीही तीच रीत आहे. कावळा शिवला, बाहेरची झाली, अडचण आहे, दूर बसली, हे सर्व वाक्प्रचार स्त्री कोठे बसली ते सांगतात. तिला काय होते आहे ते सांगत नाहीत. ज्या 'विटाळ' शब्दाशी सोयराबाई आणि चोखामेळा ह्यांनी आपल्या अभंगांतून वाद मांडला, तोही देहाचे वर्णन करीत नाही. देहाविषयीचा निवाडा देतो. साधनासाठी मात्र बायकांच्या बोलण्यात एक साधा, नेमका शब्द होता आणि आहे : घडी. जुन्या मऊ लुगड्याचे फडके दुमडून केलेली ती घडी.

ह्या घडीचे शासकीय संशोधनात काय झाले? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) पंधरा ते चोवीस वयाच्या स्त्रियांना त्या पाळीत काय वापरतात ते विचारण्यात आले. ६४ टक्के नॅपकिनचा आणि सुमारे ५० टक्के कापडाचा वापर सांगतात. एकीचे एकाहून अधिक साधने वापरणे त्यात गृहीत आहे. नॅपकिन, स्थानिक बनावटीचे नॅपकिन, टॅम्पॉन आणि मासिक पाळीचा कप ही साधने अहवालाने 'आरोग्यदायी' मानली आहेत. कापड त्या वर्गात नाही. अनेक घरांत ते धुण्यास पाणी नाही, उन्हात वाळविण्यास मोकळीक नाही, हे पाहता ह्या वर्गीकरणामागील चिंता समजण्यासारखी आहे. तथापि ह्यामुळे दोन गोष्टी एकदमच गृहीत धरल्या जातात. स्वच्छ धुऊन उन्हात वाळविलेली घडी आणि ओलसर कोपऱ्यात लपविलेली घडी ह्यांतील भेद पुसला जातो. आणि विकत घेतलेली वस्तू, तिच्या वेष्टनात काय आहे हे न पाहता, सुरक्षित ठरते. 'आरोग्यदायी' हा शब्द येथे संशोधनाचा निष्कर्ष नसून त्याची पूर्वअट झाला आहे. १९९० पूर्वीच्या 'सुपर'ची आठवण येथे होते. तोही मापासारखा दिसणारा, पण मापाचा आधार नसलेला शब्द होता.

६

ह्या विवेचनातून कापड चांगले की नॅपकिन चांगले, असा निर्णय काढण्याचा हेतू नाही. तो अधिकारही साहित्याच्या अभ्यासकाचा नव्हे. सांगावयाचे ते इतकेच की, सुरक्षिततेविषयीचे संशोधन हे स्त्रीला प्रश्न विचारण्यापासून सुरू होते, आणि प्रश्न कोणत्या तरी भाषेतच विचारावा लागतो. अटलांटाच्या संशोधकांना दूरध्वनीवर उत्तरे मिळाली, कारण वस्तूला नाव होते आणि ते नाव उच्चारण्यास दोन्ही बाजू तयार झाल्या. आपल्या पाहणीची प्रश्नावली इंग्रजीत सिद्ध होते आणि मराठी, कन्नड, उडिया अशा भाषांतून दारोदार विचारली जाते. म्हणजे ह्या संशोधनाचा पाया भाषांतर हाच आहे. त्या भाषांतरात 'घडी' येते की 'कापड', 'पाळी' येते की 'अडचण', 'सुरक्षित'साठी कोणता शब्द येतो आणि तो ऐकणारीला काय कळतो, हे तपासण्याचे काम आरोग्यशास्त्रज्ञ एकटे करू शकणार नाहीत.

आपल्या विद्यापीठांतील भाषाविभागांनी परिभाषानिर्मितीवर पुष्कळ श्रम घेतले आहेत. त्यातील बराचसा भाग ग्रंथालयात पडून आहे, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. येथे एक असे क्षेत्र आहे की जेथे योग्य शब्दाची वाट पाहणारी व्यक्ती खरोखर आहे. ताप, लाली आणि चक्कर ही लक्षणे दिसताच साधन काढून टाकावे आणि डॉक्टरकडे जावे, हे एका वाक्यातले सांगणे आहे. ते वाक्य वेष्टनावर तिच्या भाषेत, तिला कळेल अशा शब्दांत छापलेले असावे, ह्यासाठी जे काम करावे लागेल ते भाषाविभागांचे काम आहे.